जाताना सात पंचवीस, येताना सहा पंचेचाळीस

१२ मार्च, गुरुवार

आज सकाळी चहा देताना ही म्हणाली, "मला भिंगरीकडे जायचंय. एप्रिलमध्ये. महिनाभर." मी म्हटलं, दोघं जाऊ. हिनं कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाली, "तुम्हाला थंडी सोसत नाही." एप्रिलमध्ये कसली आलीय थंडी? पण हिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी माझं ठरवून टाकलं. दोघंही जाणार.

चौतीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होतो. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, उशीर का झाला, हे लिहिण्यात जन्म गेला. त्यामुळे प्रवास ठरला की मला पहिल्यांदा वेळापत्रक लागतं, बॅग नंतर. आमच्या बैठकीत दोन घड्याळं आहेत. एक आमचं. दुसरं डिसेंबरमध्ये लेक-जावई त्यांच्या नव्या शहरात गेले तेव्हा मी लावलं, बरोब्बर पाच तास मागे. दर रविवारी आणि बुधवारी भिंगरी तिच्या सकाळी दहाला फोन करते. आमच्याकडे तेव्हा दुपारचे तीन. तीन महिन्यांत दोन मिनिटं इकडेतिकडे झाली नाहीत. लेक कुणाची आहे.

१४ मार्च

हिला घेऊन विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात जाऊन आलो. तिकीटवाली बाई हुशार, पण फार घाईची. एक छापील कागद दिला. अंतर ५,९४० किलोमीटर. आमच्याकडून सुटणार ६.१०, तिथे पोचणार ९.३५. तिथून सुटणार ११.२०, इथे येणार रात्री १०.०५. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. खाली लिहिलंय, जाताना सात तास पंचवीस मिनिटं, येताना सहा तास पंचेचाळीस.

मी तिथेच खुर्चीवर बसून आकडेमोड केली. तिथले ९.३५ म्हणजे आमचे २.३५. सहा दहाला सुटलेली गाडी दोन पस्तीसला पोचली तर आठ तास पंचवीस मिनिटं होतात. सात पंचवीस कसे? येतानाही तसंच. तिथले ११.२० म्हणजे आमचे ४.२०, रात्री १०.०५ला पोचलो तर पावणेसहा तास. कागद म्हणतो पावणेसात.

बाईंना म्हटलं, तुमचा कागद दोन्हीकडे एक तासानं चुकलाय. त्या म्हणाल्या, "काका, कॉम्प्युटर चुकत नाही. तिकडची वेळ असते ना, ती..." मी म्हटलं, बाई, मला वेळ शिकवू नका, चौतीस वर्षं मी गाड्या सोडल्यात. त्यावर त्यांनी हात जोडले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

गंमत म्हणजे जाऊन-येऊन बेरीज माझ्या हिशोबानं चौदा तास दहा मिनिटं, आणि कागदाच्या हिशोबानंही चौदा तास दहा मिनिटं. बेरीज जुळते आणि फेऱ्या जुळत नाहीत. असं मी नोकरीत कधी पाहिलं नाही.

शिवाय बाईंनी चुकून हिच्या हातात भलत्याच शहराचा एक कागद दिला. तिथून पुढे उत्तरेला, आणखी एक तास दहा मिनिटांचं विमान. हिनं तो नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. चुकीचा कागद कशाला जपायचा, हिचं हिलाच माहीत.

१५ मार्च, रविवार

खालच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या मास्तरांकडे गेलो. त्यांच्याकडे पृथ्वीचा गोल आहे. हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा नेला होता. विषुववृत्ताला गुंडाळला, शहाण्णव सेंटिमीटर. मग आपल्या शहरापासून भिंगरीच्या शहरापर्यंत ताणला, सव्वाचौदा. त्रैराशिक मांडलं तर पाच हजार नऊशे चाळीसच्या जवळपास. म्हणजे अंतर बरोबर आहे. चूक वेळेत आहे.

मास्तरांना विचारलं, एकाच रस्त्यानं जायला जास्त आणि यायला कमी वेळ का? म्हणाले, वारा. येताना पाठीवर असतो. हे पटलं, घाटाच्या फेरीला चढताना आणि उतरताना आम्हीही वेगळी वेळ धरायचो. पण वारा चाळीस मिनिटांचा फरक करेल. माझ्या हिशोबात दोन तास चाळीस मिनिटांचा पडतो. त्याला वारा नव्हे, वादळ लागेल.

पंधरा अंश पूर्वेला गेलं की घड्याळ एक तास पुढे, उत्तर-दक्षिण गेलं तर तेच, हेही त्यांनी सांगितलं. ते लिहून ठेवतो.

तीनला भिंगरीचा फोन आला. ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लावलं. म्हणे पंख्याचा आवाज येतो.

१८ मार्च

आज फोन दोन मिनिटं माझ्या हातात आला. चित्रात भिंगरीच्या मागे पूर्वी पिवळे पडदे असायचे. आता पांढरी भिंत आणि कोट अडकवायचा एकच हूक. विचारलं, तर म्हणाली रंगकाम चाललंय. जावई कुठे आहेत विचारलं. अंघोळीला गेलेत. मागच्या वेळीही अंघोळीलाच होते. माणूस स्वच्छतेचा भोक्ता दिसतो.

तिला म्हटलं, तुझी आई दोन-दोन जाड स्वेटर विणतेय, तिकडे एप्रिलमध्ये एवढी थंडी असते का? ती हसली. मग हिनं फोन काढून घेतला.

२२ मार्च

भिंगरीचा फोन, तीन वाजता. मी गच्चीत टाकी बघत होतो.

२६ मार्च

मास्तर आठवडाभर मुलाकडे निघाले. पृथ्वी माझ्याकडे ठेवून गेले. पडू देऊ नका म्हणाले.

२९ मार्च, रविवार

आज दोन वाजता फोन आला. तीनला नाही, दोनला. मी जेवून नुकता आडवा झालो होतो. ही धावली. मी दारापाशी उभा राहून ऐकलं. हिनं विचारलं, "आज लवकर?" आणि भिंगरीचा आवाज स्पष्ट आला, "नाही गं आई, दहाच वाजलेत."

दुसऱ्या घड्याळात नऊ होते.

३० मार्च

दोन्ही घड्याळांचे सेल बदलले. रेडिओवरच्या वेळेशी आमचं घड्याळ ताडून पाहिलं. सेकंदाचा फरक नाही. दुसरं त्याच्याशी ताडून पाहिलं, बरोब्बर पाच तास मागे. म्हणजे घड्याळं ठीक आहेत. भिंगरी ठीक नाही.

हिला म्हटलं तर म्हणाली, "असेल काहीतरी. तुम्ही विमानाची वेळ बघा, बाकी सोडा." विमानाची वेळ तरी कुठे जुळतेय?

रात्री जेवणात लक्ष नव्हतं. हिनं दोनदा विचारलं, मीठ कमी आहे का. मला माहीत नाही.

३१ मार्च, मंगळवार

हे लिहावंसं वाटत नाही. पण जे आहे ते लिहिलंच पाहिजे.

घड्याळ चुकत नाही. लेक वेळेला चुकत नाही. तरी तिच्याकडे दहा वाजतात तेव्हा तिच्या शहरात नऊ वाजलेले असतात. मग एकच अर्थ राहतो. ती त्या शहरात नाही. एक तास पुढे म्हणजे पंधरा अंश पूर्वेला. गोलावर तिच्या शहरापासून दोरा लावला, अडीच सेंटिमीटरच्या जरा वर. म्हणजे अकराशे किलोमीटर. तिथे दोन-तीन मोठी शहरं आहेत. यांपैकी कुठे, आणि का?

पांढरी भिंत. एकच हूक. जावई दोन्ही वेळा अंघोळीला.

मला दीड वर्षापूर्वीचं आठवतंय. तेव्हा ती दोघं इथून चार तासांवर राहायची. एके दिवशी भिंगरी एकटीच बॅग घेऊन आली. आठ दिवस राहिली. विचारलं काय झालं, तर म्हणाली, "बाबा, ते रागावले की दिवसचे दिवस बोलत नाहीत. आणि दाराची किल्ली स्वतःजवळ ठेवतात." मी म्हटलं, मग एक जास्तीची किल्ली करून घ्या, त्यात काय. अजूनही मला वाटतं, साधी सूचना होती. पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि नंतर त्या विषयावर बोलली नाही.

नवव्या दिवशी मीच तिला साडेसातच्या गाडीत बसवली. डेपोत माझं एक वाक्य प्रसिद्ध होतं. सुटलेली गाडी अर्ध्या वाटेतून डेपोत आणायची नाही. चालक मला त्यावरून चिडवायचे. तिला खिडकीशी तेच म्हटलं, हसत हसत. गाडी वेळेवर सुटली याचा मला आनंदच झाला होता.

किल्लीचं आज दिवसभर डोक्यात घोळतंय. किल्ली स्वतःजवळ ठेवतात, म्हणजे घरी नसतानाही? म्हणजे ती आत असतानाही?

१ एप्रिल, बुधवार

दीड वाजल्यापासून फोनजवळ बसलो होतो. दोनला वाजला. हिच्या आधी मी उचलला.

ती म्हणाली, "बाबा? आई कुठेय?"

मी म्हटलं, "आई इथेच आहे. तू कुठे आहेस ते सांग. त्या शहरात आत्ता नऊ वाजलेत आणि तुझ्याकडे दहा. तू तिथून अकराशे किलोमीटर पूर्वेला आहेस. मी मोजलंय."

चित्रात ती हूककडे बघत होती. ही माझ्या मागे येऊन उभी राहिली.

मग भिंगरी म्हणाली, "पूर्वेला नाही बाबा. उत्तरेला. साडेपाचशे किलोमीटर." आणि मग एका दमात सगळं सांगितलं. अकरा फेब्रुवारीला ती एक बॅग घेऊन निघाली. जावई सकाळी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायचे. त्या दिवशी विसरले. तिची परिचारिकेची कागदपत्रं तिनं आधीच कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली होती. आता तिथल्या दवाखान्यात नोकरी लागलीय, जवळच एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे.

"आईला तेव्हाच कळवलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायची भीती वाटली. मला वाटलं, तुम्ही तिकीट काढाल आणि मला परत नेऊन बसवाल."

मी म्हटलं, "बरं." आणि फोन हिच्या हातात दिला.

चौतीस वर्षं तेच केलं. वाटेत गाडी बंद पडली की चालकाचा फोन यायचा, मी म्हणायचो बरं, आणि वहीत लिहायचो. पण चालकाला ठाऊक असायचं की कंट्रोलर बरं म्हणाला म्हणजे दुसरी गाडी निघाली. माझ्या लेकीला ते कसं ठाऊक असणार?

२ एप्रिल

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी. मी गोलावर दोरे ताणत बसलो होतो आणि सगळं हिच्या पर्समध्ये होतं. आज तो घडी घातलेला कागद हिनं माझ्यासमोर ठेवला. उत्तरेचं शहर. एक तास दहा मिनिटं. तिकीटवाली चुकली नव्हती.

मी म्हटलं, मला सांगायचंस. ही म्हणाली, "काय सांगू? तुम्ही तिला गाडीत बसवलंत त्या दिवशी ती खिडकीतून तुमच्याकडे बघत होती, आणि तुम्ही घड्याळाकडे बघत होतात."

हे खरं आहे का ते मला आठवत नाही. साडेसातला गाडी सुटली एवढंच आठवतंय.

ही आज माझ्याशी एवढंच बोलली. स्वेटरची बाही उसवून पुन्हा विणायला घेतली.

३ एप्रिल

मास्तर परत आले. पृथ्वी परत करायला गेलो आणि राहवेना म्हणून त्यांना फक्त घड्याळाचं सांगितलं. पूर्वेला शोधली आणि उत्तरेला निघाली, मग एक तास पुढे कशी? उत्तरेला गेल्यानं वेळ बदलत नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मास्तर हसायला लागले. म्हणाले, "अहो, त्या देशात उन्हाळ्यासाठी सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. गेल्या रविवारी केली असतील. शरद आला की परत मागे."

मी विचारलं, कुणाच्या परवानगीनं?

ते म्हणाले, "सरकारच्या."

म्हणजे एप्रिलमध्ये फरक पाच तासांचा नसून चारच. जाताना सात पंचवीस, येताना सहा पंचेचाळीस. कागद पहिल्यापासून बरोबर होता. बाई तेच सांगत होत्या, मीच सांगू दिलं नाही. घड्याळावरून मी जे काही ओळखलं ते सगळं चूक होतं. ती जुन्याच शहरात असती तरी फोन दोनलाच आला असता. आणि तरीही ती तिथे नव्हती.

रीत चूक आणि उत्तर बरोबर, याला शाळेत गुण देत नाहीत. मला अजून कळत नाही की मला नेमकं काय कळलं होतं. घड्याळं पुढे झाली नसती तर मी विचारलंच नसतं. पडदे नाहीत हे मी अठरा तारखेलाच पाहिलं होतं.

दुसरं घड्याळ अजून तसंच आहे. पुढे करायला हात होत नाही.

४ एप्रिल

जुनी एक गोष्ट आज दिवसभर पाठ सोडत नाही.

नोकरीच्या बाराव्या की तेराव्या वर्षी एक चालक नदीवरून गाडी परत घेऊन आला. चाळीस प्रवासी. म्हणाला, पुलावर पाणी आहे, पूल हलल्यासारखा वाटला, मी नाही नेली. संध्याकाळी पाणी उतरलं. पूल जागेवर होता, दुसऱ्या गाड्या गेल्या. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, गाडी विनाकारण परत आणली, दोष चालकाचा. त्याची बढती त्या शेऱ्यानं गेली. वही माझी होती, पूल त्यानं पाहिला होता.

चाळीस माणसं त्या दिवशी घरी जाऊन झोपली. ते लिहायला वहीत रकाना नव्हता, आणि असता तरी मी लिहिलं असतं का, सांगता येत नाही.

भिंगरीला काय सांगायचं याचा कच्चा मसुदा तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. पहिल्यात सूचना फार झाल्या. दुसऱ्यात जावयाला शिव्या. तिसऱ्यात फक्त विमानाच्या वेळा होत्या.

५ एप्रिल, रविवार

दोन वाजले. फोन नाही.

दोन वाजून पाच. हिच्या सुया चालूच होत्या. दोन दहा. डिसेंबरपासून असं झालं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. परत आलो. दोन बारा. ही मान वर न करता म्हणाली, "बरं म्हणून ठेवून दिलात ना, आता ती कशाला करेल?"

हिच्या फोनवरून भिंगरीला फोन कसा लावायचा, हे मला येत नव्हतं. चार महिन्यांत मी एकदाही लावलेला नाही. हिनं बोट धरून दाखवलं. दोन वाजून पंधरा मिनिटांनी तिनं उचलला. डोळे सुजलेले होते. मागे तोच हूक, त्याला तोच कोट.

मसुदा एकही आठवेना. मी विचारलं, "तुझ्याकडे किती वाजले?"

ती जरा बिचकली. मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "सव्वादहा."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

मग मी म्हटलं, "आम्ही अठराला निघतोय. सहा दहाचं विमान. तिकडे पोचून पुढचं विमान धरायचं, एक तास दहा मिनिटांचं. तुला कुठेही परत बसवायला येत नाहीय. तू गाडी वळवलीस, ती तुला दिसलं म्हणून वळवलीस. मला इथून दिसत नव्हतं. मी विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. चूक माझी."

एवढं सलग मी तिच्याशी कधी बोललो असेन असं वाटत नाही. चित्रात ती हलेना. फोन बंद पडला की काय म्हणून मी हिच्याकडे बघितलं. हिनं सुया खाली ठेवल्या होत्या.

भिंगरी म्हणाली, "बाबा, इथे माझी ड्युटी सकाळची असते. तुम्ही याल तेव्हा मी घरी नसेन."

मी म्हटलं, "आम्ही थांबू बाहेर. आम्हाला सवय आहे."

ती म्हणाली, "बाहेर नको. खाली दुकानदाराकडे ठेवून जाईन. मी एक जास्तीची किल्ली करून घेतलीय, तुमच्यासाठी."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. फोन हिनं घेतला. त्या दोघी बोलत राहिल्या, आज स्वयंपाकघरात न जाता, इथेच माझ्यासमोर.

फोन झाल्यावर स्टूल आणलं आणि दुसरं घड्याळ एक तास पुढे केलं. ही खाली स्टूल धरून उभी होती.